उताणा खेकडा

भांडखोर माणूस मला बरा वाटतो. त्याच्या मनात काय चाललंय ते शोधत बसावं लागत नाही. चोईभाऊ हा मी पाहिलेल्या भांडखोरांत पहिल्या नंबरचा. आणि मी कोल्हापूरची आहे, म्हणजे मी पाहिलेली माणसं काही थोडी नाहीत.

तो कोरियाचा. इकडं परदेशात, पॅरामॅटाला, आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचा आणि आम्ही बरोबर त्याच्या डोक्यावर. माझा मुलगा आणि सून दोघंही कॉम्प्युटरवाले. नातीला, सईला, सांभाळायला त्यांनी मला आणून ठेवलं होतं. त्या वर्षांत शिकायला येणाऱ्या पोरांची नुसती रीघ लागली होती. ज्या त्या युनिटमध्ये पोरं. कोण स्वयंपाक शिकतोय, कोण हिशेब शिकतोय, दिवसा uni म्हणजे कॉलेज आणि रात्री सिक्युरिटी नाहीतर टॅक्सी. एक गादीवरून उठला की दुसरा तीच गादी गरम असतानाच आडवा व्हायचा. जिन्यात उभं राहिलं की वरून फोडणीचा वास यायचा आणि खालून आंबवलेल्या कोबीचा. मधल्या पायरीवर दोन्ही वास एकत्र व्हायचे. तिथं मी श्वास धरायची.

चोईभाऊ धंद्याने शिंपी. स्टेशनजवळच्या एका बोळात त्याचं दुकान होतं. दोन गिऱ्हाईकं आत गेली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं, एवढंच. नवीन कपडा तो शिवायचा नाही, नुसतं ऑल्टरेशन. सिक्युरिटीच्या नोकरीत पोरांना युनिफॉर्म मिळायचा, पण पँट गोऱ्या मापाची. आमची पोरं त्यात आपले पाय शोधत चालायची. ती सगळी चोईभाऊकडं जायची आणि माणसात येऊन परत यायची.

गळ्यात टेप कायम. दुकान बंद करून घरी आला तरी टेप, भाजी आणायला गेला तरी टेप. त्याच्या मुलीच्या लग्नाचा फोटो भिंतीवर होता, त्यातही सुटाच्या कॉलरवर टेप आहे. माणसाच्या तोंडाकडं तो आधी बघायचाच नाही. बघायचा पँटच्या खालच्या कडेकडं. माझ्या मुलाचं नाव त्याला शेवटपर्यंत आलं नाही. "युअर सन, लेफ्ट लेग लाँग" असंच म्हणायचा. मी घरी येऊन मुलाला भिंतीला उभा करून बघितलं. खरंच डावा पाय बोटभर लांब निघाला. तीस वर्षं मी त्याची आई, मला पत्ता नाही.

मी त्याला पहिल्या दिवशी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "आय, कोल्हापूर." त्याने ते माझं नाव समजून घेतलं. तेव्हापासून मी मिसेस कोल्हापूर. मीही त्याला भाऊ करून टाकलं. पुढं तो स्वतःच फोन उचलून "चोईभाऊ स्पीकिंग" म्हणायला लागला. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं होतं, म्हणून आम्हाला एकमेकांचं सगळं समजायचं. चांगलं बोलणाऱ्यांचंच समजायचं नाही.

आता खेकड्याचं सांगते.

दर शनिवारी दुपारी चोईभाऊ आपल्या बाल्कनीच्या कठड्याला एक पिवळं कापड बांधायचा. पलंगावरच्या चादरीएवढं. त्यावर लाल खेकडा आणि त्यांच्या लिपीतली जाड अक्षरं. सगळं बैजवार हाताने शिवलेलं. पण उलटं! खेकड्याचे पाय आभाळाकडं आणि डोळे जमिनीकडं. संध्याकाळी तो ते सोडून घडी करून आत न्यायचा, आणि पुढच्या शनिवारी परत उलटं.

कपडे वाळत घालायची फिरती दांडी मागच्या अंगणात, त्याच्या बाल्कनीच्या समोर. मी शनिवारी चादरी धुवायची. चादरी घालताना तो उताणा खेकडा माझ्या डोळ्यांसमोर. आमच्याकडं बाजारात खेकडा उताणा पडलेला दिसला की बाई पुढं जाते. तो मेलेला समजायचा. मला वाटलं, एवढा शिंपी माणूस आणि ह्याला वरची बाजू कळत नाही? नजर गेली म्हाताऱ्याची.

एका शनिवारी वारा सुटला. गाठी निसटून ते कापड खाली गवतात आलं. चोईभाऊ दुकानात काहीतरी विसरला म्हणून परत गेला होता. मी कापड उचललं, झटकलं. बघते तर एका कडेला बांधायला बंद शिवलेले आणि दुसऱ्या कडेचे बंद गेलेले. म्हटलं, तुटले असतील, म्हणून बिचारा उलटं बांधतो. मग मी माझ्या शहाणपणाने खेकडा सरळ केला आणि माझे कपड्यांचे चिमटे लावून कठड्याला पक्का बसवला. गुलाबी, हिरवे, निळे, टोपलीत होते तेवढे सगळे. दोन पावलं मागं जाऊन बघितलं. खेकडा चांगला पायांवर उभा, डोळे वर. मला आपलं बरं वाटलं.

चोईभाऊ कोबीची पिशवी घेऊन आला आणि फाटकातच थांबला. मग जी बोंब मारली, ती पलीकडच्या रस्त्याला ऐकू गेली असेल.

"हू? हू डिड?"

"आय," मी म्हटलं. "उलटा होता. सरळ केला."

तो धावत आला, चिमटे ओरबाडून काढले आणि भिरकावले. "धिस फ्लॅग! फ्लॅग! नॉट अंडरवेअर!"

माझे चिमटे गवतभर पसरले. मी काय ऐकून घेते? "आधी चिमटे उचल माझे," मी मराठीत सुरू केलं. "उपकार केले तर वर तोंड करून बोलतोस? डोळे फुटलेत काय तुझे? खेकड्याचे पाय कुठं असतात, ठाऊक आहे काय?" तो त्याच्या भाषेत, मी माझ्या भाषेत. सगळ्या बाल्कन्यांत पोरं जमली. पंजाबी पोरं टाळ्या वाजवत होती. वरच्या मजल्यावरचा एक गोरा "गो, नॅना!" म्हणून ओरडला, नॅना म्हणजे आजी. मला चेव चढला.

दम लागल्यावर दोघंही थांबलो. चोईभाऊने गवतात बसून एकेक चिमटा शोधला आणि माझ्या टोपलीत टाकला. मग कापड परत उलटं बांधून आत गेला.

संध्याकाळी दार वाजलं. तो हातात ताटली घेऊन उभा, कांद्याच्या पातीचं थालीपिठासारखं काहीतरी केलेलं. मागं मिन्सू. हा चोईभाऊकडं एक खोली भाड्याने घेऊन राहायचा, uni मध्ये हिशेब शिकायचा. भला पोरगा. आमच्या दोघांचं इंग्रजी जिथं संपेल तिथून पुढं बोलायला त्याला आणलं होतं. माफी चोईभाऊने मागितली नाही. मीही नाही. ताटली घेतली आणि बसा म्हटलं.

त्याच्या गावचं नाव घेतलं तर माझ्या जिभेला गाठ पडते, म्हणून लिहीत नाही. समुद्राकाठचं बंदराचं गाव. तिथं दोरखंडाचा कारखाना. कारखान्यातले कामगार सुट्टीत फुटबॉल खेळायचे. मालकाला ते आवडलं, त्याने त्यांना बूट घेऊन दिले. मग बाहेरून खेळाडू आणले, पगार सुरू केला, मैदानाला पायऱ्या बांधल्या. असा हळूहळू मोठ्या सामन्यांत खेळणारा पगारी क्लब झाला. पण मैदानाला वास मासळीबाजाराचा तो तसाच. बाहेरगावचे खेळाडू नाक धरून खेळायचे. चोईभाऊ म्हणाला, "फर्स्ट टेन मिनिट, नोज. वुई गोल." पहिली दहा मिनिटं ते नाक सांभाळणार, तेवढ्यात आम्ही गोल घालणार. कुठल्या पुस्तकात नसेल अशी युक्ती!

क्लबचं निशाण खेकडा. आणि पहिल्या दिवसापासून सगळ्या शर्टांवर खेकडा शिवायचं काम चोईभाऊचं. एकदा क्लब सगळ्या देशात पहिला आला. शेवटचा सामना बर्फ पडत असताना झाला. चेंडू दिसेना म्हणून चेंडूला लाल रंग लावला, तो रंग खेळाडूंना लागला, सगळेच लाल. गावाने त्या दिवशी रस्त्यावर चुली मांडून येईल त्याला खेकडे उकडून वाढले. हे सांगताना चोईभाऊ खुर्चीवरून उठला, पळाला, सोफ्यावर पडला, परत उठला. गोल कसा झाला ते माझ्या दिवाणखान्यात दाखवत होता. सई टाळ्या पिटत म्हणाली, "Again! Again!" त्याने परत करून दाखवला. ह्या वेळी माझी फुलदाणी गेली.

मग मालक मेला आणि मालकाचा मुलगा आला. त्याला एका मोठ्या शहराने नवंकोरं स्टेडियम दाखवलं. त्या शहराचंही नाव चोईभाऊ कधी घ्यायचा नाही, "दॅट सिटी" म्हणायचा. एका सकाळी गाव चहा पीत बसलेलं असताना टीव्हीवर सांगितलं, की क्लब आता दॅट सिटीला जाणार. खेळाडू तेच, कप तेच. गाव तेवढं वगळलं. आणि खेकडा मोठ्या शहराला शोभत नाही म्हणून निशाण गरुड.

"क्लब इज नॉट फ्रिज!" चोईभाऊ टेबलावर मूठ आपटून म्हणाला. "यू मूव्ह हाऊस, यू टेक फ्रिज. ओके. क्लब, नॉट फ्रिज!" हे वाक्य मी पुढं इतक्या वेळा ऐकलं की आमचा फ्रिज दुरुस्तीला नेला तेव्हा सईच म्हणाली, "It's okay, Aaji, it's not a club."

गावातल्या शेवटच्या सामन्याला चोईभाऊने काय केलं? सगळ्या शर्टांवर खेकडे उलटे शिवले. खेळाडूंनी घाईघाईत शर्ट चढवले, कुणी बघितलं नाही. मैदानात रांगेत उभे राहिले तेव्हा गावाने बघितलं. छातीछातीवर उताणा खेकडा. मग एकाने आपलं निशाण उलटं केलं, मग दुसऱ्याने, आणि बघता बघता सगळ्या पायऱ्यांवर खेकडे उताणे. मालकाचा मुलगा उठून गेला. त्या दिवशी गावाने ठरवलं, की गावाला पुन्हा स्वतःचा क्लब होईल तेव्हाच खेकडा सरळ. तोवर नाही. चोईभाऊने तिथल्या तिथं आपल्या निशाणाच्या वरच्या कडेचे बंद कात्रीने कापून टाकले. दारू प्यायल्यावर आपलाच हात चुकून सरळ बांधेल म्हणून. शर्टांचं काम संपलं, तसा तो इकडं आला.

"आणि मी चिमटे लावले," मी म्हटलं.

"यू," तो म्हणाला, "व्हेरी डेंजरस वूमन."

मिन्सू हे सगळं इंग्रजीत उलगडून सांगत होता, पण त्याची मान खाली होती. मला तेव्हा कळलं नाही.

मी फुटबॉलातली अडाणी आहे असं चोईभाऊ समजत होता. चौथीपर्यंत शिकलेली बाई, लुगडं नेसून चादरी वाळत घालणारी! मी त्याला सांगितलं, बाबा, आमच्या कोल्हापुरात पेठेपेठेचा, तालमीतालमीचा संघ आहे. सामना असला की दुकानं ओस. आमचे मालक, सईचे आजोबा, पेठेच्या संघात गोलकीपर होते. त्यांचा पुढचा दात मैदानात पडला, तो शोधायला सामना थांबवला नाही म्हणून सासूबाई पंचाच्या घरी जाऊन भांडून आल्या. माझ्या लग्नात मुलाची माहिती काढताना आमच्या वडिलांनी नोकरी शेवटी विचारली, पेठ आधी.

चोईभाऊ तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. मग घाबरत विचारलं, "नोबडी मूव्ह? क्लब मूव्ह?"

"पेठ कुठं मूव्ह करणार? आमची तालीम कुणी उचलून सांगलीला नेली ना, तर रक्ताचे पाट वाहतील."

"सांगली? बिग सिटी?"

"कसली बिग! शेजारी आहे."

"नेबर!" त्याने कपाळावर हात मारला. "नेबर व्हेरी बॅड."

तेव्हापासून जिन्यात भेटला की आधी सांगलीची चौकशी. "मिसेस कोल्हापूर, हाऊ इज सांगली?" मी म्हणायची, "बॅड." तो म्हणायचा, "गुड, गुड," आणि खूश होऊन पुढं जायचा. माझी सख्खी बहीण सांगलीला दिलेली आहे, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

मिन्सूचं गुपित फोडलं ते पण त्या फिरत्या दांडीनेच. पोरगा आपले कपडे नेहमी आत न्हाणीघरात वाळवायचा. मला वाटायचं, लाजतो. एकदा पावसाळी हवेमुळे कपडे वाळेनात, म्हणून चोईभाऊ दुकानात गेल्याचं बघून त्याने दांडीवर घातले. त्यात एक निळा शर्ट, छातीवर गरुड. आणि चोईभाऊ टेप विसरला म्हणून परत आला. जन्मात पहिल्यांदा टेप विसरला, आणि नेमका त्या दिवशी.

तो शर्टासमोर उभा राहिला. मी वरून बघत होते. म्हटलं, आता कात्री आणतो. पण त्याने शर्टाची खालची शिवण दोन बोटांत धरून बघितली आणि तोंड वाकडं केलं. "मशीन," म्हणाला. थुंकल्यासारखं.

मिन्सू दॅट सिटीचाच निघाला! एवढे दिवस त्याने आपलं गाव काहीतरी तिसरंच सांगितलं होतं. चोईभाऊने त्याला घराबाहेर काढलं नाही, पण जगणं अवघड केलं. भात सगळ्यात शेवटी वाढायचा आणि तोही करपलेला. पोराला हॉटेलात वेटरचं काम लागलं, तर त्याची काळी पँट अशी आखूड केली, की एक पाय घोट्यावर आणि एक पाय घोट्याखाली. पोरगा चालायला लागला की बोटीत उभा असल्यासारखा दिसायचा.

शेवटी एक दिवस मिन्सू उसळला. आमच्याच घरात, माझ्या टेबलावर, चोईभाऊ पिठलं खात असताना. इंग्रजीतच बोलला, म्हणजे मलाही कळावं म्हणून. "अंकल, तो क्लब आमच्याकडं आला तेव्हा मी शाळेत होतो. मी मागितला होता का? बाबांनी मला पहिल्या सामन्याला नेलं. मी तिथंच प्रेमात पडलो. त्याआधी तो कुणाचा होता, मला कुणी सांगितलं नाही. आता मी काय करू? प्रेम परत देऊ?"

मी म्हटलं, आता पिठल्याची वाटी जाते भिंतीवर. पण त्याने पोराच्या पायांकडं बघितलं. मग म्हणाला, "पँट. गिव्ह." त्याच संध्याकाळी दोन्ही पाय सारखे करून दिले. भात मात्र करपलेलाच वाढला. एकदम सगळं सोडायचं नाही, असं त्याचं धोरण.

त्यानंतर रविवारी नदीकाठच्या पार्कात पोरांचे सामने सुरू झाले, आमची पोरं एकीकडं आणि कोरियाची पोरं एकीकडं. चोईभाऊ दोन्ही संघांचा शिंपी, पंच आणि ढोलवाला. गळ्यात शिट्टी, टेप आणि ढोल, तिन्हींच्या दोऱ्या एकमेकांत अडकलेल्या. शिट्टी वाजवायला गेला की टेप तोंडात यायचा. चेंडू बाहेर गेला की नाही ह्यावर वाद झाला, तर टेप काढून गवत मापायचा आणि काय यायचं ते माप घोषित करायचा. त्यापुढं अपील नाही. मी खुर्ची टाकून बसायची आणि आमच्या पेठेत शिकलेलं सगळं तोंडातून बाहेर काढायची. मराठी पोरं लाजून लाल व्हायची. "काकू, please, इथं पुण्याच्या मुली पण आल्यात!" मी म्हणायची, "मग त्यांनाही शिकू दे."

हे सगळं हसण्यावारी चाललेलं, पण शनिवारी खेकडा उताणाच.

गावाकडं लोक गप्प बसलेले नव्हते. घरटी थोडं थोडं जमवून, दारोदार फिरून, त्यांनी गावाचा स्वतःचा क्लब काढायची खटपट चालवली होती. अगदी खालच्या पायरीपासून, पण गावाचा. त्याला नगरपालिकेची मंजुरी लागत होती. मैदान पालिकेचं, आणि खर्चाचा वाटा पालिकेने उचलल्याशिवाय मोठा संघ काढता येत नव्हता. पहिल्यांदा मतदान झालं तेव्हा ठराव पडला. एक नगरसेवक म्हणाला म्हणे, गावाला गटार हवंय, गोल नको. चोईभाऊ त्या दिवशी दुकानात गेला नाही. मी भाकरी आणि झुणका घेऊन खाली गेले. तो बाल्कनीत बसला होता, मांडीवर निशाण घेऊन.

"मिसेस कोल्हापूर," म्हणाला, "आय ओल्ड. क्रॅब ओल्ड. मेबी फिनिश."

मला रडकी माणसं बघवत नाहीत. म्हटलं, "गटार पण हवं. आधी गटार मागा. गटार झालं की तो नगरसेवक काय बोलणार?"

हे त्याने फोनवरून गावाला कळवलं. खरंच सांगते. माझ्यामुळं काही झालं असं मी म्हणत नाही, पण पुढच्या वर्षी क्लबवाले गटारासाठी मोर्चात पुढं होते, खेकड्याची निशाणं उलटी धरून. गटार मंजूर झालं. मग क्लबचा ठराव परत आला.

मतदानाचा दिवस. दुपारची वेळ. आमचं इंटरनेट बरं म्हणून मिन्सूने आपला लॅपटॉप माझ्या जेवणाच्या टेबलावर मांडला. गावच्या पालिकेची सभा त्यावर दिसत होती. एकेक जण उठून काहीतरी लांबलचक बोलत होता. पालिका कुठलीही असो, बोलणं सारखंच. चोईभाऊ बसेना. टेबलाभोवती फेऱ्या घालत होता आणि टेपची गुंडाळी करून सोडत होता, करून सोडत होता. मिन्सू मध्ये मध्ये सांगत होता, "हा आपल्या बाजूने. हा विरोधात. हा झोपलाय."

मोजणी झाली. अध्यक्ष उठला, चष्मा लावला, तोंड उघडलं आणि तसाच राहिला.

"काय झालं? झटका आला काय त्याला?" मी विचारलं.

"Aaji, it's buffering," सई म्हणाली.

अध्यक्षाचं तोंड आ. चोईभाऊ त्या तोंडासमोर नाक नेऊन ओरडायला लागला. मिन्सू बटणं दाबत होता. मी मुलाच्या त्या इंटरनेटच्या डबीला दोन चापट्या मारल्या. अध्यक्ष आपला आ करून उभा. "स्पीक!" चोईभाऊ किंचाळला. "यू डॉग, स्पीक!"

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने तो कानाला लावला. "चोईभाऊ स्पीकिंग," सवयीने म्हणाला. पलीकडून माणसाचा शब्द नाही. नुसता ढोल. एक नाही, शेकडो ढोल, टेबलापाशी उभ्या असलेल्या मलाही ऐकू आले. चोईभाऊने फोन कानावरून काढला आणि आमच्याकडं धरला, जसा प्रसाद पुढं करतात तसा. मिन्सू खुर्चीवर चढला. सई टेबलावर. मी कुठं चढले नाही, पण माझ्या तोंडून जी आरोळी निघाली ती आमच्या मालकांनी पेनल्टी अडवली होती तेव्हा निघाली होती, त्यानंतर त्या दिवशीच.

आणि चोईभाऊ दिसेना. जिन्यात धडधड, खाली दार. आम्ही मागोमाग गेलो. तो बाल्कनीत निशाण हातात घेऊन उभा होता. खेकडा सरळ धरला होता, पण बांधणार कशाने? त्या कडेचे बंद त्यानेच कापलेले. सुई आणली, दोरा आणला. दोरा सुईत जाईना. जन्मभर सुई ओवलेला माणूस, त्या दिवशी त्याचा दोरा भलतीकडंच जायचा. मिन्सू म्हणाला, "अंकल, मी ओवून देतो." "नो!" म्हणून खेकसला. मग वळून माझ्याकडं बघितलं. तोंडाकडं बघितलं, पायांकडं नाही.

"मिसेस कोल्हापूर. चिमटा."

मी हलले नाही. म्हटलं, "फ्लॅग. नॉट अंडरवेअर."

"टुडे," तो म्हणाला, "अंडरवेअर ओके."

मी दांडीवरचे चिमटे काढून आणले. माझ्या ओल्या चादरी तशाच गवतात पडल्या. एक कड मी धरली, एक मिन्सूने, दॅट सिटीच्या पोराने, आणि चोईभाऊने एकेक चिमटा लावला. खेकडा उभा राहिला. सगळ्या बाल्कन्यांतून पोरं ओरडली. काय झालंय ते त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. त्या रात्री मिन्सूला भात न करपलेला मिळाला. "लिटल रॉ," तो मला दुसऱ्या दिवशी म्हणाला, पण तक्रार म्हणून नाही.

नव्या क्लबचा पहिला सामना मार्चमध्ये होता. चोईभाऊने दुकानाला कुलूप लावलं आणि निघाला. "कमिंग बॅक," म्हणाला. कधी ते सांगितलं नाही. एअरपोर्टला न्यायला आमच्याच बिल्डिंगमधलं एक टॅक्सीवालं पोरगं होतं. त्याची पँट चोईभाऊनेच आखूड केलेली, म्हणून भाडं घेतलं नाही. बॅगेवर वरच निशाण ठेवलेलं, त्याला चिमटे तसेच. मी म्हटलं, "एवढे दिवस होते, बंद शिवून घेता आले नाहीत? माझे चिमटे ठेव इथं."

"नो. चिमटा लकी." आणि काच वर करता करता, "हाऊ इज सांगली?"

"बॅड!"

"गुड!"

सामन्याच्या दिवशी मिन्सू लॅपटॉप घेऊन वर आला. तिकडं थंडी होती, माणसं कोटात गुरफटलेली, तोंडातून वाफा. मैदान ते जुनंच, पायऱ्यांचा रंग उडालेला. दोन्हीकडचे खेळाडू रांगेत उभे राहिले. ह्यांच्या छातीवर खेकडा, पायांवर उभा. कॅमेरा पायऱ्यांवरून फिरत गेला. सगळीकडं पिवळी निशाणं. आणि मग सई ओरडली, "Aaji! Your pegs are on TV!"

होते खरे. कठड्याला तो खेकडा सरळ, आणि वरच्या कडेला गुलाबी, हिरवे, निळे चिमटे, ओळीने. मागं चोईभाऊ, कोटावरून टेप, टोपी कानापर्यंत. सगळं गाव खेळाडूंच्या तोंडाकडं बघून ओरडत होतं. हा एकटा मान खाली करून त्यांच्या चड्ड्यांच्या कडा बघत होता. मग त्याने मान हलवली. शिवण पसंत पडली असावी. कॅमेरा पुढं गेला.

चोईभाऊ काही परत आला नाही. खेळाडूंचे कपडे त्याच्याशिवाय कुणाला जमत नाहीत, असं त्याने कळवलं. दुकानात आता कोणीतरी मोबाईलची कव्हरं विकतो.

चिमटेही आले नाहीत. मी नवे आणले.